प्रत्यक्षदर्शी साक्षीची पारख : भय, वय आणि स्मृति

जुन्या दफ्तरांच्या यादींत एखाद्या कागदापुढें "लेखकानें स्वतः पाहिलेली हकीकत" असा शेरा आढळला कीं त्या कागदाचें मोल एकदम वाढतें. संपादक तो आधीं छापतो, संग्राहक तो वेगळ्या रुमालांत बांधून ठेवतो आणि वादाच्या वेळीं तोच अखेरचा पुरावा म्हणून पुढें केला जातो. ऐकीव माहितीपेक्षां पाहिलेली माहिती श्रेष्ठ, हा नियम योग्यच आहे. परंतु ह्या नियमाच्या पोटांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही कीं, डोळ्यांनीं जें पाहिलें तें मनांत जसेंच्या तसें उतरतें, आणि लेखणी हातीं घेईपर्यंत तें तसेंच राहतें. गेल्या सव्वाशें वर्षांत मानसशास्त्रज्ञांनीं हें गृहीत प्रयोगांनीं तपासून पाहिलें आहे. त्यांच्या शोधाचा उपयोग बहुधा न्यायालयांस झाला. इतिहासाच्या साधनांस तो तितकाच लागू असून तिकडे फारसें लक्ष गेलेलें नाहीं. म्हणून त्यांतील मुख्य निष्कर्ष सांगून ते आपल्या ओळखीच्या दोन प्रकरणांस लावून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम कायद्याची दृष्टि पाहूं. १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्यानें तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे असें ठरविलें. म्हणजे पाहिलेल्या गोष्टीविषयीं पाहणाऱ्यानेंच सांगावें. परंतु त्याच कायद्यानें कोवळें वय आणि अतिवृद्धत्व ह्यांमुळें साक्षीदारास प्रश्न समजेनासे झाले किंवा नीट उत्तरें देतां येईनाशीं झालीं तर तो साक्ष देण्यास अपात्र ठरूं शकतो, हेंही सांगून ठेविलें. शिवाय घटना घडतांना किंवा ती ताजी असतां केलेलें टिपण पाहून साक्षीदारानें आपली स्मृति ताजी करावी, अशीही मुभा दिली. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हीं तत्त्वें कायम आहेत. पाहणाऱ्याचें वय आणि घटना व लेखन ह्यांमधील अंतर, ह्या दोन गोष्टींची जाणीव कायद्यास पहिल्यापासून होती. पाहणाऱ्याच्या मनाची त्या क्षणीं काय अवस्था होती, हा तिसरा प्रश्न मात्र प्रयोगशाळेनें पुढें आणला.

त्याचा आरंभ १९०१ सालीं बर्लिन येथें झाला. फौजदारी कायद्याचे अध्यापक फ्रान्झ फॉन लिस्ट यांच्या वर्गांत दोन विद्यार्थ्यांचें ठरवून भांडण लावण्यांत आलें. शब्दावरून शब्द वाढला, एकानें पिस्तूल काढलें, झटापट झाली. वर्गांतील इतरांस हें खरेंच वाटलें. नंतर त्यांच्याकडून हकीकती लिहून घेतल्या. सर्वांत चांगल्या हकीकतींत शेंकडा २६ विधानें चुकलेलीं होतीं आणि सर्वांत वाईट हकीकतींत शेंकडा ८०. ह्यांत ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, प्रसंगाचा जो उत्तरार्ध अधिक क्षोभकारक होता त्याच्या वर्णनांत पूर्वार्धापेक्षां सरासरी शेंकडा १५ चुका अधिक निघाल्या. लिहिणारे सुशिक्षित होते, त्यांस खोटें बोलण्याचें कारण नव्हतें, आणि घटना डोळ्यांसमोर घडली होती.

अशा लुटुपुटीच्या प्रसंगांवरून खऱ्या भयाविषयीं अनुमान करणें धाडसाचें, असा आक्षेप घेतला जाई. त्यास उत्तर २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासानें दिलें. शत्रूच्या कैदेंत सांपडल्यास टिकाव कसा धरावा, ह्याचें शिक्षण तेथील सैनिकांस दिलें जातें. त्यांत उपवास व जागरण घडवून नंतर कठोर उलटतपासणी होते. अशा ५०९ सैनिकांवर हा अभ्यास झाला. एका तपासणींत अंगाशीं झटण्याचा प्रकार होता, दुसरींत नुसती चतुराईची प्रश्नोत्तरें होतीं. दोहोंतही तपासणी करणाऱ्याचा चेहरा चांगल्या उजेडांत अर्ध्या तासाहून अधिक वेळ समोर होता. सुटकेनंतर सुमारें एका दिवसानें ओळखपरेड घेतली. सौम्य तपासणी करणाऱ्यास शेंकडा ६२ जणांनीं अचूक ओळखलें. कठोर तपासणी करणाऱ्यास शेंकडा ३० जणांनींच. छायाचित्रें एकत्र मांडून विचारलें तेव्हां हे आंकडे अनुक्रमें ७६ आणि ३४ असे आले. ज्यानें आपणांस सर्वांत अधिक भिवविलें त्याचा चेहरा आपण जन्मांत विसरणार नाहीं, ही सर्वसामान्य समजूत येथें ढांसळून पडते. लंडनमधील एका भीतिदायक प्रेक्षणगृहांत २००९ च्या अभ्यासांतही हेंच दिसलें. अंधाऱ्या वाटेंत भेटलेल्या नटास कमी घाबरलेल्यांपैकीं शेंकडा ७५ लोकांनीं ओळखलें. अधिक घाबरलेल्यांपैकीं शेंकडा वीस लोकांसही तें जमलें नाहीं.

परंतु ह्यावरून भ्यालेल्या मनुष्याची साक्ष टाकाऊ, असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. कानडांतील व्हँकुव्हर शहराजवळ बंदुकांच्या एका दुकानाबाहेर भर दुपारीं गोळीबार होऊन लुटारू ठार झाला. पोलिसांनीं २१ साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या होत्या. त्यांपैकीं १३ जणांची चार-पांच महिन्यांनीं मानसशास्त्रज्ञांनीं पुन्हां भेट घेतली. हा अभ्यास १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. ह्या लोकांनीं काय घडलें तें इतक्या दिवसांनींही पुष्कळच बरोबर सांगितलें, आणि अतिशय घाबरलों होतों असें सांगणारे इतरांहून मागें पडले नाहींत. चुका झाल्या त्या वय, उंची, वजन आणि कपड्यांचे रंग ह्यांत.

वरवर विरोधी दिसणाऱ्या ह्या निष्कर्षांचा मेळ असा बसतो. भय मनाची दृष्टि आंखडून घेतें. जेथून जिवास धोका त्या एका जागीं लक्ष खिळतें आणि भोंवतालचें सारें पुसट होतें. १९८७ मधील एका प्रयोगांत चित्रांतील गिऱ्हाईक पैसे घेणाऱ्या कारकुनापुढें एकदां चेक धरी आणि एकदां पिस्तूल. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजतां, पिस्तुलाकडे नजर अधिक वेळां आणि अधिक वेळ गेली, आणि तें धरणाऱ्या मनुष्याची ओळख कमी पटली. म्हणून भयग्रस्त साक्षीदार जें मध्यवर्ती आहे तें, म्हणजे काय झालें, कोणाचा घात झाला, आपण कसे वांचलों, हें दृढपणें धरून ठेवतो; आणि चेहरे, संख्या, काळाची लांबी, घटनांचा अनुक्रम व बाजूचे तपशील ह्यांत घसरतो.

आतां वयाकडे वळूं. लहान मूल आपण होऊन थोडें सांगतें, आणि तें थोडें बहुधा खरें असतें. परंतु मोठ्या मनुष्यानें तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला कीं प्रश्नांतील कल्पना उत्तरांत शिरते. वृद्धांची अडचण निराळी आहे. ओळखपरेडींत खरा गुन्हेगार नसतां "ह्यांत तो नाहीं" असें म्हणण्याऐवजीं कोणाकडे तरी बोट दाखविण्याची चूक वृद्धांकडून तरुणांपेक्षां अधिक होते. तसेंच, एखादी गोष्ट आठवते पण ती आपण पाहिली, कोणाकडून ऐकली कीं कोठें वाचली, हें आठवत नाहीं. माहिती राहते आणि तिचा उगम गळून पडतो. शिवाय मनुष्यास आपल्या वयाच्या लोकांचे चेहरे इतर वयाच्या लोकांच्या चेहऱ्यांपेक्षां अधिक चांगले ओळखतां येतात, असें तरुण, मध्यमवयीन आणि वृद्ध ह्या तिन्ही वर्गांवरील प्रयोगांत आढळलें आहे. उलट, वृद्धत्वाच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारें दहा ते तीस ह्या वयांतील आठवणी उतारवयांत इतर काळच्या आठवणींपेक्षां अधिक संख्येनें व अधिक स्पष्टपणें येतात. तेव्हां म्हाताऱ्यानें सांगितलेली तरुणपणची हकीकत केवळ त्याच्या पिकल्या केसांकडे पाहून नाकारणें अन्यायाचें आहे.

भय आणि वय हीं दोन्हीं एकत्र आलीं म्हणजे काय होतें, ह्याचा एक हृदयद्रावक दाखला हॉलंडमध्यें मिळाला. दुसऱ्या महायुद्धांत तेथें 'एरिका' नांवाची बंदी-छावणी होती. तेथील कैद्यांच्या जबान्या १९४३ ते १९४७ मध्यें घेतल्या गेल्या, आणि एका क्रूर पहारेकऱ्यावरील खटल्यासाठीं १९८४ ते १९८८ मध्यें पुन्हां घेतल्या गेल्या. मानसशास्त्रज्ञांनीं दोन्हींची तुलना करून १९९० सालीं ती प्रसिद्ध केली. छावणींतील जीवन, उपासमार, कष्ट, मारहाण ह्यांचें वर्णन चाळीस वर्षांनींही पक्कें होतें. परंतु छावणींत दाखल झाल्याच्या तारखा हलल्या होत्या. कांहींस आपणांस छळणाऱ्याचें नांवही आठवेना. आणि एकानें पूर्वीं ज्या मारानें कित्येक दिवस चालतां आलें नव्हतें असें सांगितलें होतें, त्याला पुढें केवळ अधूनमधून लाथा खाल्ल्याचें स्मरत होतें. येथें स्मृतीनें दुःख वाढविलें नव्हतें, कमी केलें होतें. साक्षीदार नेहमीं फुगवूनच सांगतो, असें मानणाऱ्या संशोधकानें ह्या दाखल्याकडे अवश्य पाहावें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस तर आणखी एक प्रयोग विशेष बोधप्रद आहे. २८ जानेवारी १९८६ रोजीं 'चॅलेंजर' हें अमेरिकन अवकाशयान फुटून पडलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एका विद्यापीठांतील विद्यार्थ्यांकडून, ही बातमी आपणांस कोठें व कशी कळली, तें लिहून घेतलें. अडीच वर्षांनीं त्यांपैकीं ४४ जणांस तेंच विचारलें. ११ जणांची प्रत्येक महत्त्वाची बाब चुकली, आणि तरीही पुष्कळांस आपल्या आठवणीविषयीं पूर्ण खात्री होती. त्यांस त्यांच्याच हातचा मूळ कागद दाखविला, तरी त्यांची स्मृति कागदाकडे वळली नाहीं. खात्री आणि अचूकता ह्या दोन भिन्न वस्तु आहेत, हें ह्याहून स्पष्टपणें कसें सांगतां येईल ?

हे निष्कर्ष आतां आपल्या साधनांस लावून पाहूं. पहिलें प्रकरण विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या 'माझा प्रवास' ह्या ग्रंथाचें. गोडसे १८२७ त जन्मले. १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं ते चुलत्यांबरोबर उत्तरेकडे गेले आणि बंडांत सांपडले. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्यें सर ह्यू रोज यानें झांशीस वेढा घालून शहर घेतलें तेव्हां ते आंत होते. परतल्यावर पुष्कळ काळानें, १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनीं ही हकीकत लिहिली. वैद्यांनीं ती १९०७ त फेरफार करून छापली. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आलें, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं मूळाबरहुकूम आवृत्ति काढली.

घटनेच्या वेळीं लेखकाचें वय सुमारें तीस, लेखनाच्या वेळीं पंचावन्नाच्या पुढें, आणि मध्यें पंचवीस वर्षांचें अंतर. ह्या मापानें पाहतां ग्रंथाचे तीन थर पडतात. शहर पडल्यावरची कत्तल, घराघरांत शिरलेली लूट, लपून काढलेले दिवस, प्रेतांचे ढीग व आगी हा पहिला थर. येथें जिवावरचा धोका हाच वर्णनाचा विषय आहे. असल्या गोष्टी स्मृति घट्ट धरते, म्हणून हा भाग सर्वांत भारी समजावा. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशीं पुरुषवेषांतील राणी भेटल्याचा प्रसंग ह्याच थरांत येतो. भेट झाली ही गोष्ट आणि राणीची थकलेली अवस्था ह्यांवर भर द्यावा. परंतु तिच्या तोंडचे शब्द अक्षरशः तिचेच आहेत असें समजून त्यांवर इमारत उभारूं नये, कारण पंचवीस वर्षांत असे शब्द सांगणाऱ्याच्या तोंडीं बसतात. दुसरा थर दिवसगणतीचा, फौजांच्या संख्यांचा आणि घटनांच्या क्रमाचा. हा समकालीन लष्करी कागदांशीं ताडून मगच घ्यावा. येथें चूक सांपडली तर ती स्मृतीची स्वाभाविक चूक समजावी, लबाडी समजूं नये. तिसरा थर गोडश्यांनीं न पाहिलेल्या गोष्टींचा. जून १८५८ मध्यें राणी ग्वाल्हेरजवळ पडली तेव्हां ते रणांगणावर नव्हते. परंतु ऐकलेलें आणि पाहिलेलें एकाच ओघांत, एकाच शैलींत लिहिलें जातें, आणि उगम गळून पडण्याचा जो दोष वर सांगितला तो अशाच जागीं शिरतो. एकच ग्रंथ असा एका पानावर अव्वल दर्जाचा आणि दुसऱ्या पानावर दुय्यम दर्जाचा पुरावा असूं शकतो.

दुसरें प्रकरण चेहऱ्याच्या ओळखीचें. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्या वेळीं त्यांचें वय तीस होतें. सुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेला काशीराज शिवदेव त्या समयीं शत्रूच्या छावणींत हजर होता. १७८० सालीं त्यानें फारसींत लिहिलेल्या हकीकतीप्रमाणें, रणभूमीवर सांपडलेलें शिर नसलेलें एक धड अंगावरील खुणांवरून भाऊंचें म्हणून ठरविण्यांत आलें. ही ओळख सर्वांस पटली नाहीं. पुढें उत्तरेकडून एक मनुष्य आपण भाऊ आहों म्हणून प्रगट झाला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत तो कैदेंत पडला. १७७६ त रत्नागिरीस त्याची सुटका होतांच कोंकणांत हजारों लोक त्याला मिळाले. अखेर तो पकडला जाऊन पुण्यास चौकशी झाली व त्याच सालच्या डिसेंबरांत त्यास देहांत शासन झालें. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं मात्र १७८३ त मरेपर्यंत स्वतःस विधवा मानलें नाहीं.

"भाऊंना पाहिलेल्या" इतक्या लोकांनीं तोतया कसा मानला, ह्याचें उत्तर नेहमीं राजकारणांत शोधलें जातें, आणि तें राजकारण होतेंच. परंतु स्मृतीची बाजूही तोलली पाहिजे. तीस वर्षांचा चेहरा आठवून पंचेचाळिशींतला चेहरा ओळखावयाचा होता. बहुतेकांनीं भाऊंना दुरून, डेऱ्यांत किंवा स्वारींत पाहिलेलें. पानिपताच्या घावानें घरोघर माणसें नाहींशीं झालेलीं, आणि आपलेंही कोणी परत येईल ही आशा प्रत्येक मनांत जागी. समोर एकच मनुष्य उभा करून "हेच भाऊ ना ?" असें विचारणें, ही ओळखपरेड नव्हे, तो उत्तर सुचविणारा प्रश्न होय. म्हणून तोतयास ओळखणारे सर्व फितुर आणि नाकारणारे सर्व सत्यवादी, अशी सरळ वांटणी करणें युक्त नाहीं. दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसें असूं शकतात. चेहऱ्यापेक्षां अंगावरील खुणांवर भिस्त ठेवणारी काशीराजानें वर्णिलेली पद्धति, तिचे स्वतःचे दोष धरूनही, अधिक सावध होती.

ह्या सर्वांतून संग्राहकांनीं व संपादकांनीं पाळण्याजोगे कांहीं नियम निघतात. कोणत्याही स्वदृष्ट हकीकतीच्या टांचणांत चार गोष्टी नोंदवाव्या : घटनेचा काल, लेखनाचा काल, आणि त्या दोन्ही वेळचें लेखकाचें वय. प्रतीचा काल ह्यांहून वेगळा ठेवावा. अस्सल कागद आणि नक्कल ह्यांत जसा भेद आपण करितों, तसाच ताज्या आणि शिळ्या स्मृतींत करावा. लेखक संकटाच्या किती जवळ होता आणि कोणाच्या आग्रहावरून लिहूं लागला, तें लिहून ठेवावें. एकाच फौजेंतील चार जणांच्या हकीकती जुळल्या तर ते परस्परांशीं बोलले होते कीं काय, हें आधीं पाहावें. बोललेले चार साक्षीदार कित्येकदां एकाच साक्षीदाराएवढे असतात. लेखकाच्या भाषेंतील ठामपणास पुरावा समजूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, तारीख किंवा संख्या चुकली एवढ्यावरून सबंध कागद बनावट ठरवूं नये, तसेंच एक प्रसंग खरा ठरला एवढ्यावरून सबंध कागद प्रमाण मानूं नये.

वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्याच्या पहिल्या खंडांत पानिपतकालीन पत्रें छापून, बखरीपेक्षां समकालीन पत्र श्रेष्ठ हें महाराष्ट्रास शिकविलें. तें तत्त्व त्यांनीं कागदांच्या परस्पर तुलनेनें सिद्ध केलें. स्मृतीवरील प्रयोगांनीं तें आतां दुसऱ्या मार्गानें पक्कें झालें आहे. त्या दिवशींच्या टिपणाचा एक तुकडा, त्याच मनुष्यानें वृद्धपणीं लिहिलेल्या शंभर पानांस तपासूं शकतो. म्हणून जुन्या वाड्यांतील माळ्यावरून रुमाल खालीं येतात तेव्हां मोठी बखर उचलून चिटोऱ्या केरांत टाकण्याची जी चाल अजून आढळते, ती बंद झाली पाहिजे. जमाखर्चाच्या कडेला लिहिलेली एक ओळ, वाटेंतून घरीं पाठविलेलें खुशालीचें पत्र, पंचांगाच्या कोपऱ्यांतील नोंद, ह्यांना साहित्याची शोभा नसते. परंतु भय व वय ह्यांनीं स्मृतीवर हात फिरविण्यापूर्वीं तीं लिहिलेलीं असतात.